खिडकीची छाया आणि उष्णतेचे अभिसरण

वातानुकूलनावरील विजेचा खर्च मर्यादित ठेवायचा असेल, तर इमारतीत उष्णता शिरते कशी, हे प्रथम समजून घ्यावे लागते. काचेच्या खिडक्या हा त्याचा एक प्रमुख मार्ग होय. पडदा लावला की प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे; तो अपुरा आहे.

आतील आणि बाहेरील छाया

सूर्यप्रकाश काचेतून आत येतो व पडद्यावर पडतो. पडदा त्याचा काही भाग परावर्तित करतो, तर काही शोषून स्वतः तापतो. पडदा व काच यांमधील हवा तापून हलकी होते, वर चढते आणि वरच्या फटीतून खोलीत शिरते. तिची जागा घेण्यास खालून थंड हवा येते. या नैसर्गिक अभिसरणामुळे पडद्याने शोषलेल्या उष्णतेचा बराचसा भाग खोलीतच उतरतो. याउलट छज्जा किंवा बाहेरील झडप तापली, तरी तिची उष्णता मुख्यतः बाहेरील हवेत जाते. म्हणून उन्हापासून संरक्षणासाठी बाहेरील छाया अधिक परिणामकारक ठरते. आतील पडदा वापरायचाच असल्यास फिकट रंगाचा असावा.

प्रतिमान कसे मांडतात?

मूळ सूत्र सोपे आहे : उष्णतेचा दर = अभिसरण गुणांक × क्षेत्रफळ × तापमानातील फरक. समजा, २ चौरस मीटरचा पडदा ४० अंश सेल्सिअस तापला आहे, खोलीतील हवा २८ अंश आहे आणि गुणांक ३ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश आहे. तर पडद्याच्या खोलीकडील बाजूने ३ × २ × १२ = ७२ वॅट उष्णता हवेत जाईल.

खरी अडचण गुणांक ठरवण्यात आहे. तो फटीची रुंदी, पडद्याची उंची, पट्ट्यांचा कोन आणि वर-खालच्या मोकळ्या जागा यांवर अवलंबून असतो. फट फार अरुंद असल्यास हवेची हालचाल मंदावते व वहन प्रभावी ठरते; रुंद असल्यास काच व पडदा यांलगत दोन स्वतंत्र सीमास्तर तयार होतात. प्रवाहाचे स्वरूप रॅले संख्येवरून, तर अभिसरणाची तीव्रता नसेल्ट संख्येवरून कळते. प्रयोगांतून मिळालेली सूत्रे आणि संगणकीय द्रवगतिकी हे अभ्यासाचे दोन मार्ग आहेत. खिडक्या व छायासाधनांच्या तपशीलवार गणनेसाठी आयएसओ १५०९९ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली प्रसिद्ध झाले.

धोरणाशी संबंध

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नंतर २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. २०१८ च्या इको-निवास संहितेत, थंड प्रदेश वगळता, निवासी इमारतींच्या आवरणातून येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर ठरवण्यात आली. या गणनेत बाहेरील छायेचाही विचार केलेला आहे. पश्चिमेचे तिरपे ऊन आडव्या छज्जाने पुरेसे अडत नाही; तेथे उभे पडदे किंवा हलत्या झडपा लागतात. जोधपूर, चेन्नई आणि बंगळुरू यांचे हवामान भिन्न असल्याने एकच रचना सर्वत्र योग्य ठरणार नाही. छाया आराखड्यातच ठरली, तर वातानुकूलन यंत्राची क्षमता कमी ठेवता येते. आणि ज्या घरात असे यंत्रच परवडत नाही, तेथे रहिवाशांचा उन्हाळा काही अंशी सुसह्य होतो.