मोबाईलवरील संदेशांची प्रतवारी

कोराडी परिसरातील तसेच कामठी, सावनेर व कळमेश्वर तालुक्यांतील शेतकरी बंधूंच्या मोबाईलवर हंगामात संदेशांची रीघ लागते. गावाचा गट, कृषी केंद्राचा गट, बाजारभाव, सोयरेधायरे, सणावाराच्या शुभेच्छा असे सारे एकाच ठिकाणी येते. या गर्दीत पावसाचा इशारा वाचायचा राहतो आणि फवारणीचा एखादा 'जालीम उपाय' मात्र आधी नजरेस पडतो. संत्रा बाजारात नेण्यापूर्वी आपण प्रतवारी करतो. तीच रीत संदेशांनाही लावावी.

प्रतवारीची गरज

सन २०१७ मध्ये विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेक औषधे एकत्र मिसळणे आणि संरक्षक साधनांविना फवारणे ही त्यामागील कारणांपैकी होती. म्हणून नाव व तारीख नसलेली मिश्रणाची शिफारस कधीही वापरू नये.

प्रतवारी कशी करावी?

१) यादी : व्हॉट्सॲपमध्ये २०२४ पासून याद्या करण्याची सोय आहे. चॅटच्या पानावर वरच्या ओळीतील अधिक (+) चिन्ह दाबून 'शेती' असे नाव द्यावे व त्यात कामाचेच गट निवडावेत. पुढे 'शेती' दाबताच तेवढेच गट दिसतात. चिन्ह दिसत नसल्यास ॲप अद्ययावत करून घ्यावे.

२) पिन : हवामान व कृषी सल्ल्याचे दोन-तीन गट पिन करावेत. ते नेहमी सर्वांत वर राहतात. कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्या दिवशी तो अवश्य वाचावा.

३) म्यूट व आर्काइव्ह : शुभेच्छांचे गट म्यूट केल्यास आवाज बंद होतो. आर्काइव्ह केल्यास गट मुख्य पानावरून बाजूला जातो, परंतु त्यातील मजकूर पुसला जात नाही.

४) स्टार : उपयुक्त संदेशावर बोट दाबून धरावे व ताऱ्याची खूण करावी. पुढे तो लगेच सापडतो.

पडताळणी

संदेशावर दुहेरी बाण असल्यास तो अनेक हातांतून फिरून आला आहे असे समजावे. प्रत्येक शिफारशीत पीक, औषधाची मात्रा, तारीख व देणारी संस्था या चार गोष्टी पाहाव्यात. नंतर स्वतःच्या शेताची पाहणी करावी. उदाहरणार्थ, गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. प्रति सापळा ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास किंवा १० टक्के फुले अथवा हिरव्या बोंडांवर प्रादुर्भाव दिसल्यासच शिफारशीत कीटकनाशक फवारावे.

शंका असल्यास सहायक कृषी अधिकारी, अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१, निःशुल्क) यांच्याकडे विचारणा करावी.

हंगाम बदलला की यादीही बदलावी. कपाशीचा गट उन्हाळ्यात वर ठेवण्याचे कारण नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे 'शेती' यादी पाहिली तरी कामाची माहिती वेळेवर हाती येते आणि घाईची फवारणी टळते.