घातलेला बफर जातो कुठे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. चार आठवड्यांपूर्वी घरात २०० लिटरची समुद्री टाकी मांडली. दगड, वाळू, खारं पाणी सगळं आहे, प्रवाळ मात्र अजून आणलेलं नाही. सकाळी सामू, म्हणजे पीएच, ७.८ दिसतो. बफर घातला की ८.२ होतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ७.८. परवा बफर जास्त पडला तर पाणी दुधाळ झालं. आज क्षारता ३५, कॅल्शियम ३६०, मॅग्नेशियम १३००, अल्कलिनिटी १२.५ डीकेएच आहे. अमोनियाची किंचित छटाही दिसते. काय चुकतंय?

उत्तर : बफर आजपासून बंद करा. टाकीत कॅल्शियम वापरणारं प्रवाळ नाही, तरी कॅल्शियम समुद्रातल्या ४२० च्या आसपासच्या पातळीवरून ३६० वर आलं आहे. ते गेलं परवाच्या दुधात. तो पांढरेपणा म्हणजे खडूचाच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. तो तयार होताना प्रति लिटर दर २० मिलिग्रॅम कॅल्शियममागे २.८ डीकेएच अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, संपते. तुमचं कॅल्शियम ४२० ने सुरू झालं असेल, तर ६० मिलिग्रॅमच्या घटीबरोबर ८.४ डीकेएचचा बफर वाळूत, हीटरवर आणि पंपात जाऊन बसला. आणि तरीही अल्कलिनिटी १२.५ उरली आहे. समुद्रात ती जेमतेम ७ असते.

इतकी अल्कलिनिटी असलेल्या पाण्याचा सामू मोकळ्या हवेत ८.३ च्या वर जायला हवा. तुमचा ७.८ वर अडतो, याचं कारण बहुधा पाण्यात नसून खोलीत आहे. समजा, थंडीत दारं-खिडक्या घट्ट बंद, घरात चार माणसं, गॅसची शेगडी. कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात विरघळतो आणि सामू खाली ओढतो. बफरने ही हवा बदलत नाही. खात्री करून घ्या. टाकीतलं ग्लासभर पाणी घराबाहेर न्या, एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा, मग सामू मोजा. चढला, तर खिडकी किलकिली ठेवा किंवा प्रोटीन स्किमरची हवेची नळी बाहेर काढा.

अमोनिया असताना सामू चढवणं मला जास्त काळजीचं वाटतं. ७.८ वरून ८.३ वर गेलं की अमोनियाचा विषारी भाग जवळपास तिप्पट होतो. अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. छटा पूर्ण जाईपर्यंत मासा आणू नका. नंतर थोडं थोडं पाणी बदला, अल्कलिनिटी ८ ते ९ असलेलं नवं पाणी वापरून. कॅल्शियमही त्यातूनच वर येईल. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र आरओच्या गोड्या पाण्याने भरा, मीठ उडून जात नाही.

पुढे कठीण प्रवाळ वाढू लागलं की चुन्याची निवळी कामाला येते. आजीच्या घरात पानाच्या डब्याशेजारी असायची तीच, फक्त शुद्ध चुन्याची; तिकडे लोणच्यासाठीचा चुना म्हणून मिळतो. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हव्या त्याच प्रमाणात येतात, शिवाय ती कार्बन डायऑक्साइड शोषते. सामू १२ च्या वर असल्याने ती रात्री थेंब थेंबच सोडायची. आता तिची गरज नाही.

हे वाचून इथल्या कुणाला टाकी मांडावीशी वाटली, तर एक लक्षात ठेवा. भारतात कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणू नका.