शालेय बागेतील जास्वंद व पिठ्या ढेकूण

जास्वंद ही उष्ण प्रदेशातील वनस्पती होय. थंडीत तिची वाढ मंदावते. म्हणून कुंड्या दक्षिणाभिमुख भिंतीलगत उन्हात ठेवाव्यात व वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

निरीक्षण : शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते बहुधा पिठ्या ढेकूण असतात. ते झाडाचा रस शोषतात व गोड, चिकट स्राव सोडतात. त्या स्रावाच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात.

तथापि पांढरे दिसेल ते चिरडू देऊ नये. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या क्रिप्टोलीमस नामक ढालकिड्याची अळीही अशाच पांढऱ्या मेणतंतूंनी झाकलेली असते. परंतु तिचे भक्ष्य पिठ्या ढेकूण हेच होय. ढेकूण बहुतांशी एका जागी चिकटून राहतो. अळी पूर्ण वाढल्यावर त्याहून मोठी दिसते व चपळपणे हिंडते.

कृती : मुलांनी प्रथम काडीने हळूच स्पर्श करून पाहावे. अळी आढळल्यास फांदी तशीच राखावी. न आढळल्यास कीडग्रस्त शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा.

प्रश्न :
१. मुंग्या ढेकणांना का जपतात?
२. मित्रकीटकही मारले गेल्यास पुढे काय घडेल?