कढीपत्ता, कुंती आणि तिळाएवढा किडा

तुमच्या घरी कढीपत्त्याची कुंडी आहे का? अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत असते. थंडी पडली की ती खिडकीपाशी येते आणि तिची सगळ्यांना काळजी! हा कढीपत्ता लिंबू-संत्र्याचा नातेवाईक आहे. त्याच कुटुंबातलं आणखी एक झुडूप म्हणजे कुंती. पांढरी, सुवासिक फुलं आणि दाट पानं, म्हणून लोक ती कुंपणाला लावतात. फ्लोरिडात तिला ऑरेंज जॅस्मिन म्हणतात.

1998 साली फ्लोरिडात सायला नावाचा किडा सापडला. हा मूळचा आशियातला. नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांना तो चांगलाच ठाऊक आहे. दिसायला तिळाएवढा, आणि पानावर बसतो तो डोकं खाली, मागचा भाग वर करून. सायला फक्त कोवळ्या पालवीवर अंडी घालतो. आता विचार करा, कुंपणाची आपण सारखी छाटणी करतो. छाटलं की नवी पालवी फुटते. म्हणजे सायलाची मजाच! दुकानांत विकायला ठेवलेल्या कुंतीच्या कुंड्यांबरोबर तो एका गावातून दुसऱ्या गावात पोचला. गाडीत कुंडी ठेवणाऱ्यांना ते कळलंही नाही.

नुसता किडा असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो ग्रीनिंग या रोगाचे जिवाणू एका झाडातून दुसऱ्या झाडात नेतो. फ्लोरिडात हा रोग 2005 साली सापडला. जिवाणू झाडाच्या अन्ननलिका बंद करतात. पानांवर पिवळे डाग येतात, फळं लहान, वाकडी आणि कडू होतात. यावर अजून औषध नाही. 2003-04 च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या 24 कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या; 2023-24 मध्ये 2 कोटीही नाहीत. वादळांनीही नुकसान केलं, पण मोठा वाटा या रोगाचा.

खरी अडचण वेगळीच आहे. रोग लागलेलं झाड कित्येक महिने, कधी काही वर्षं, अगदी ठणठणीत दिसतं. त्यामुळे "रोप छान हिरवंगार आहे की!" हे म्हणणं पुरेसं नाही. म्हणूनच फ्लोरिडात लिंबू-संत्र्याची रोपं आता किडा शिरणार नाही अशा बंद जाळीघरातच तयार करावी लागतात.

मग आपण काय करायचं? भारतातून येताना कढीपत्त्याचं रोप किंवा ताजी पानं बॅगेत आणायची नाहीत. आजीने प्रेमाने बांधून दिलं तरी नाही. हे सांगणं जड जातं, मला मान्य आहे. फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातून दुसऱ्या राज्यात राहायला जाताना कुंडी उचलून न्यायच्या आधी नियम विचारा. आणि मावशीने दिलेल्या रोपाची कोवळी पानं उलटून बघा. पांढरे, मेणासारखे बारीक धागे दिसले तर ती सायलाच्या पिल्लांची खूण.

शब्दार्थ
पालवी – झाडाला फुटलेली नवी, कोवळी पानं
छाटणी – वाढलेल्या फांद्या कापणं
ठणठणीत – अगदी निरोगी

वाचा आणि सांगा
1. छाटणी केलेलं कुंपण सायलाला का आवडतं?
2. हिरवंगार रोपसुद्धा धोक्याचं का असू शकतं?
3. आजीला फोन करा. रोप का आणता येणार नाही, ते तिला वाईट न वाटता चार वाक्यांत सांगा.