नाण्यांचा नाद लागलाय ना, मग ऐक

अगं, नाणी जमवायला लागलीस हे ऐकून मला खरंच आनंद झाला. सासरी सांगायला संकोचतेस, तो संकोच मात्र सोड. साडीच्या पदराला लावायच्या लेसइतक्या पैशांत होणारा छंद आहे हा, आणि डोक्याला चालना मिळते ती वेगळीच.

आता जरा जवळ बस, मनातलं सांगते. नवरात्रात राणीसावरगावला रेणुकामातेच्या दर्शनाला येशील, तेव्हा किंवा कुठल्याही जत्रेत तुला पितळी नाणी दिसतील. एका अंगाला रामदरबार नाहीतर मारुती, दुसऱ्या अंगाला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 असं साल. कधी तर चक्क 1616! 1616 साली कंपनीची आपल्याकडे टांकसाळच नव्हती, आणि रामदरबाराचं नाणं तिनं कधी पाडलं नाही. ती नाणी हल्लीची, देवघरात ठेवायची पदकं. आवडलं तर जरूर घे, मीही घेतलीत. मारुतीचा ठसा काहींवर फार देखणा उठलेला असतो. पण पितळेच्या तुकड्याचे द्यायचे तेवढेच पैसे दे. आणि ‘हे चमत्कारी नाणं आहे, तांदूळ ओढतं’ असं सांगून कुणी मोठी किंमत मागितली, तर तिथून उठ. त्या थापेपायी लोकांनी जमिनी विकल्यात गं.

मोबाइलवर येतं ना, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं लाखाला घेतो म्हणून? ते 2012 साली निघालेलं नाणं आहे, फार जुनंही नाही. आधी कमिशन भरा, कर भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाकडून कसलं शुल्क घेत नाही. एक रुपयाही पाठवू नकोस.

त्यापेक्षा भाजीवाल्यानं दिलेली मोड बघत जा. 1990 चा बाबासाहेबांचा रुपया, 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच साली निघालेलं शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं दोन रुपयाचं नाणं. सालाखालची खूणही बघ. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, टिंब नोएडाचं. पोरांना हा खेळ शिकव, दुपार कशी गेली कळत नाही.

आणि आपलं खरं धन तर हाली सिक्का, म्हणजे हैदराबादच्या निजामाची नाणी. आपली परभणी 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होती, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत आजीच्या गाठोड्यात, पेटीच्या तळाला ती नाणी अजून सापडतात. चारमिनारचं नाणं हाती आलं तर मधल्या कमानीत डोकावून बघ. तिथं निजामाच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर असतं. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. एवढ्याशा कमानीत राजाच्या नावाचं अक्षर बसवणाऱ्या त्या कारागिराचं मला फार कौतुक वाटतं.

सापडलं की चिंच लावून घासू नकोस! देवाचे टाक आपण चिंचेनं उजळतो, ते ठीक. नाण्याचा मात्र वर्षानुवर्षांचा रंग गेला की जाणकार त्याला हात लावत नाहीत. कडेनं धर, कोरड्या कागदी पाकिटात ठेव. आजीनं माळेत ओवायला कडी लावली असेल, तर ती काढू नकोस. किंमत कमी येईल, येऊ दे. ती कडी तिच्या हौसेची आहे.

बारशाला बाळाचं नाव कोरून द्यायचं मनात असेल, तर सोनाराकडून चांदीचं कोरं नाणं घे. चलनातल्या नाण्यांची मोडतोड करायला 2011 च्या कायद्यानं बंदी आहे. शेत नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं, तर तेही वाटून घ्यायचं नसतं. 1878 पासून कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भावोजींना हे नीट सांगून ठेव.

कधी नाशिकला गेलात तर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय चुकवू नका.

तोवर एवढं कर. हाली नाण्यावरचे उर्दू आकडे गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घे. हिजरी सनातून शेकडा तीन वजा कर आणि 622 मिळव, आपलं साल जवळपास येतं. 1330 असेल तर 1912. सोनाराकडे वजन करायला जायच्या आधी हे करायचं हं, नाहीतर तो चांदीचाच भाव सांगेल.