भाताचं रोप काय शिकवतं?

कोकणातली भातलावणी पाहिली आहे का? पेरलेली रोपं दाटीवाटीने वाढतात. साधारण 21 ते 25 दिवसांनी शेतकरी ती मुळासकट उपटतो आणि चिखलात मोकळी लावतो. उपटताना काही मुळं तुटतात. रोप पिवळं पडतं, मान टाकतं. पण मातीत नवी मुळं फुटत असतात! मग रोप हिरवं होतं, फुटवे येतात, लोंब्या धरतात. दाटीतच राहिलं असतं तर खुरटलं असतं.

गाव सुटलं, वसतिगृहात रडू आलं, तर स्वतःला कमजोर समजू नका. श्रद्धा ठेवा, धीर धरा. मात्र त्या दिवसांत शेतकरी रोपाला पाण्याविना ठेवत नाही. तुम्हीही मनात कुढू नका. आईबाबांशी, शिक्षकांशी बोला.