कॅगचा अहवाल सभागृहात मांडला, पुढे काय?

प्रश्न : अधिवेशनात कॅगचा अहवाल येतो, बातम्या होतात आणि विषय संपतो. त्यावर खरेच काही होते का?

उत्तर : होते, पण ते सभागृहाबाहेर, समितीच्या खोलीत. आधी कॅगच्या (नियंत्रक व महालेखापरीक्षक) राज्यातील कार्यालयाचे, म्हणजे महालेखापालांचे पथक विभागाची कागदपत्रे तपासते आणि आक्षेप लेखी कळवते. किरकोळ आक्षेप खुलाशानंतर तिथेच मिटतात. गंभीर आक्षेपांचे मसुदा परिच्छेद सचिवांकडे जातात आणि उत्तर आले तर ते विचारात घेऊन अहवाल पक्का होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 नुसार राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेववतात.

मांडलेला अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. सरकारी कंपन्यांचा अहवाल सार्वजनिक उपक्रम समितीकडे. समिती सचिवांची साक्ष घेते, महालेखापाल तिला साहाय्य करतात. मग शिफारशी सभागृहात येतात आणि विभागाला केलेली कार्यवाही कळवावी लागते. संसदेच्या लोकलेखा समितीत 22 सदस्य असतात आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे.

खरी दुबळी जागा वेळेची आहे. अहवाल किती दिवसांत मांडावा, हे अनुच्छेद 151 सांगत नाही. उशीर झाला की जबाबदार अधिकारी बदलून जातात, निवृत्त होतात. शिवाय समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

म्हणून वाचकांनी एक करावे. मांडलेला अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या जिल्ह्याशी संबंधित परिच्छेद वाचा आणि त्यावर काय कार्यवाही झाली, हे आपल्या आमदाराला लेखी विचारा.